चौथ्या प्रकाशकाकडे गेलेलं लेबल

माझ्या कादंबरीचं एक पान चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पडलं. दुसऱ्या दिवशी सीटवर ठेवलेलं मिळालं, पण कोपऱ्यात पिवळं लेबल — ‘रीवर्क’!

“कुणाचा हा आगाऊपणा?” मी तडकलेच.

मागच्या सीटवरचा एक जण ओशाळून उभा राहिला. “मी... समाधान. क्वालिटीत हाय, मॅडम. खोट दिसली की हात आपोआप ‘पुन्हा करा’चं लेबल लावतो.”

“माझं पान म्हणजे गाडीचा पार्ट वाटला?”

“न्हाई हो... पण पानातली ती बाई... इतकं शहाण्यासारखं कुणी रडतं का?”

असा राग आला! काळेवाडीला घरी येऊन पान पुन्हा वाचलं, तर आणखी राग आला. त्याचं खरं होतं.

तीन प्रकाशकांकडून ‘साभार परत’ आलेलं ते बाड मग मी रोज दहा-दहा पानं करून त्याच्या हाती देऊ लागले. तो वाचायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचं नाटक करत त्याच्या भुवया बघायचे. तो गालात हसला, की दिवसभर कारखान्यात असेंब्ली लाइनवर उभं राहूनही माझे पाय दुखायचे नाहीत.

सुधारलेलं बाड चौथ्या प्रकाशकाकडे पाठवलं आणि घात झाला... शेवटच्या पानावरचं लेबल काढायचंच राहिलं! ‘रीवर्क — ती न भांडता निघून कशी जाते?’

आठ दिवस धड जेवले नाही. मग प्रकाशकबाईंचा फोन आला. “लेबल लावणाऱ्याचं ऐका. शेवट बदला, पुस्तक आम्ही काढतो.”

मी शेवट बदलला. माझी नायिका कडाकडा भांडली आणि राहिली.

छपाईआधी ऋणनिर्देशाचं पान मी समाधानला दाखवलं. आई, प्रकाशकबाई, बसचे ड्रायव्हर रोहिदासकाका... वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

“छान हाय... सगळे आलेत.”

“सगळे?”

“माझं काय... मी नुसती लेबलं लावली.”

मला भरून आलं. ओव्हरटाइम करून दमलेला हा माणूस डोळे ताणून माझं अक्षर न् अक्षर वाचायचा. तो नसता, तर ते बाड ट्रंकेत कुजलं असतं.

“समाधान, आभार परक्यांचे मानतात.”

त्याचे कान लालबुंद झाले... पान परत देत म्हणाला, “रविवारी आईला घेऊन येऊ का... तुमच्या घरी?”

“या की!” मी इतक्या पटकन म्हणाले, की माझी मलाच लाज वाटली.