दोन बोटांच्या फटीतली ब्राह्मी

सोनिका तिरोड्याहून परतली, तेव्हा तिच्या अंगणात एक अनोळखी पोरगा उकिडवा बसून, मोठ्या निष्ठेने, तिची दोन महिन्यांची मेहनत उपटत होता.

स्कूटी लावायचंही तिला सुचलं नाही.

या अंगणात उन्हाळ्यात दगडी फरशी बसवली होती. दगडांमधल्या दोन-दोन बोटांच्या फटी बाबूजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, जियालाल टेंभऱ्यांना, सिमेंटने बुजवायच्या होत्या. फट म्हटली की विंचू आलाच, असं त्यांचं ठाम मत. सोनिकाने हट्ट करून त्यांना दिवाळीपर्यंत थांबवलं होतं. फटीफटीतून ब्राह्मी पसरवायची, आणि ते हिरवं अंगण बघून तिरोड्याच्या लोकांनी तिच्या छोट्याशा रोपवाटिकेला आपापल्या अंगणांची कामं द्यायची, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. "दिवाळीले एक बी फट उघडी दिसली, त सिमेंट," बाबूजींनी बजावलं होतं.

आणि आता अर्धं अंगण उघडं!

"काय करून रायले जी तुमी?"

पोरग्याने वर पाहिलं. कपाळाला चिखल, चेहऱ्यावर समाधान. "मी ओमेश्वर कटरे, बोदलकशा तलावाकडचा. फवारणीचा पंप मांगाले आलो होतो. काकाजी वावरात हायेत म्हणे. बसल्या बसल्या म्हटलं, कचरा लय माजला, निंदून टाकू."

"ब्राह्मी होय ते. एक एक काडी लावली होती मी."

सोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण धानाच्या मुलखातला हात तो... धान सोडून जे उगवेल ते उपटायचं, हेच त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याचा चेहरा असा काही पडला, की तिला धड रागावताही येईना.

"आमच्याकडं तलावाच्या काठानं हे असंच पडून रायते," तो पुटपुटला. "लोक त्याले अंगणात पोसतात, मले का मालूम?"

"म्हंजे चुकी माहीच?"

"नाही जी. चुकी माही. मीच लावून देतो."

रविवारी तो खरंच आला. मोटरसायकलच्या मागे ओलं पोतं, पोत्यात तलावाकाठची ब्राह्मी. आल्या आल्या त्याने बाह्या सारल्या आणि चार-चार काड्यांच्या जुड्या करून सरळ रेषेत खोचायला लागला. सोनिकाला हसू आवरेना.

"धानाचा रोवणा लावून रायले का? एक काडी आडवी ठेवायची, वरून माती दाबायची. गाठीगाठीले मुळं फुटतात, मंग ते आपलं आपण चालत जाते. घाई नाही करायची."

"मले कायची घाई?" तो म्हणाला. म्हणताना त्याचं लक्ष ब्राह्मीकडे नव्हतं.

तीन रविवारांचं काम सात रविवार पुरलं. कसं पुरलं, ते दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. ती ओली माती भरायची, तो अंगठ्याने दाबायचा. कधी एकाच फटीत दोघांची बोटं यायची, आणि मग कुणीतरी उगीच पाणी आणायला उठायचं. एकदा त्याने पान चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"लय कडू!"

"त्यानं डोस्कं चालते."

"मंग अखीन दोन द्या. तुमाले पाहिलं का माहं बंद पडते."

सर आली की दोघं पडवीत उभे राहायचे. भिजलेल्या दगडांचा वास यायचा, पागोळ्यांचं पाणी फटींतून वाहायचं, आणि सर ओसरली तरी लगेच कुणी खाली उतरायचं नाही.

दसऱ्यानंतर सगळ्या फटी भरल्या. ब्राह्मीला बारीक पांढरट फुलं आली. ओमेश्वरने हात धुतले आणि म्हणाला, "झालं जी. आता धानाची कापणी लागते." सोनिका छान हसून "हो" म्हणाली, आणि पुढचे दोन रविवार भरलेल्या अंगणाकडे बघत चिडचिड करत बसली.

दिवाळीला चार दिवस उरले होते. सकाळीच तिने फोन केला. "एक फट सुकली. येता का?"

कापणी सोडून तो आला. तुळशीजवळची वीतभर उघडी फट त्याने पाहिली आणि बोटाने माती उकरली.

"सुकलं असतं त मुळं आतच रायली असती," तो हळूच म्हणाला. "हे मुळासकट गेलं. निंदलेलं हाय हे."

चोराच्या मनात चांदणं... सोनिकाने ओढणीखाली हात लपवले. नखांत अजून माती होती.

"काऊन?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण तिला खोट्याचा कंटाळा आला होता. "अंगण भरलं अन् तुमचं येणं बंद झालं. मले अंगण पाहिजे होतं... पण तुमी त्याच्याहून जास्त पाहिजे हाव."

"नुसतं 'या' म्हटलं असतं, तरी आलो असतो."

"कायले?"

"तू आवडते मले. कवाची. सांगाची हिंमत नव्हती."

पडवीत खाकरल्याचा आवाज झाला. बाबूजी किती वेळ उभे होते कोण जाणे. ते खाली उतरले, उघड्या फटीपाशी आले.

"ओमेश्वर, तुह्या वावरात धान उभा हाय, अन् तू इथं गवत लावून रायला?"

"ब्राह्मी होय ते, काकाजी. चार दिवसांत भरतो."

"चार दिवसांत नाही भरत ते. मले बी दिसते." बाबूजींनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. "दिवाळी झाली का घरच्या मोठ्या माणसाले घेऊन ये. सिमेंटाचं मंग पाहू." आणि ते वावराकडे निघून गेले.

सोनिकाने फटीत ओली माती भरली. ओमेश्वरने काडी आडवी ठेवली. या वेळी दोघांची बोटं एकाच फटीत आली, तेव्हा पाणी आणायला कुणी उठलं नाही.