पाळण्यातलं ओझं

पस्तीस सालचा चैत्र असेल. महिपती अण्णाला हिरेहळ्ळीच्या मळ्यावर इंजिनाचं चाक पोचवायचं होतं, आणि सिद्धारामला त्याच गावी आपल्या आईला पोचवायचं होतं. वाट एकच, फटफटीही एकच.

महिपती अण्णा म्हणजे सोलापुरातला कंत्राटदार. विहिरींवर तेलाची इंजिनं बसवून द्यायचा. त्याची विलायती फटफटी सिद्धाराम चालवायचा. लांबच्या प्रवासाची, दणकट गाडी. डाव्या अंगाला एका चाकाचा डबा जोडलेला. साहेब लोक त्याला साईडकार म्हणत, बाकी सगळे पाळणा. पाळणा रिकामा असला आणि गाडी डावीकडं वळवली की त्याचं चाक जमीन सोडून वर उठतं. म्हणून सिद्धाराम त्यात कायम एक धोंडा ठेवायचा. त्या दिवशी धोंडा काढून ठेवला होता. ओझ्याला काही तोटा नव्हता.

पार्वतम्मा, त्याची आई, पाडव्याच्या आधीपासून अंथरुणावर होती. डावा पाय वाऱ्यानं गेलेला. आधी तो फरफटत का होईना, चालायची, पुढं तेही सुटलं. दवाखान्यात सांगितलं, घरी न्या. तिला सोलापूरची खोली घर वाटत नव्हती. ती म्हणाली, "सिद्या, मला गावाकडं ने. तुज्या अप्पाच्या शेजारी बसव."

त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि तसंच बसतं मातीत ठेवतात. तिचा नवरा हिरेहळ्ळीच्या शेतात, कडुलिंबाखाली असाच बसलेला होता. त्याच्या शेजारची जागा तिनं कुणाला नांगरू दिली नव्हती.

अण्णा तयार झाला, पण त्याच्या पद्धतीनं. इंजिनाचं बिडाचं चाक पाळण्याच्या मागं दोरखंडानं आवळलं. रॉकेलचे दोन डबे पाळण्यात, पाय ठेवायच्या जागेत घातले. म्हातारीला पाय सोडायला जागाच उरली नाही. सिद्धारामनं तिला उचलून आत ठेवलं आणि तिचा मेलेला पाय हातानं दुमडून तिची मांडी घातली. तेवढ्यात अण्णानं नटबोल्टांची पिशवी आणली. गोणपाटाची, सुतळीनं तोंड शिवलेली. ती त्यानं म्हातारीच्या मांडीवर आदळली.

"धर गं म्हातारे. फुकट बसतियास, तेवढं तरी कर."

"अण्णा, आजारी हाय ती. पिशवी मी गळ्यात घेतो."

"तू गाडी हाक. गळ्यात घेतो म्हणं, नंदी हायस व्हय रं तू?"

सिद्धारामच्या हातात पाना होता. तो पाना त्यानं किती घट्ट धरलाय, ते पार्वतम्मानं पाहिलं.

"असू दे रं सिद्या," ती म्हणाली. "चल तू." आणि तिनं दोन्ही हात पिशवीभोवती घातले. बोलताना ती पोराकडं बघत नव्हती. अण्णाकडं बघत होती, आणि पापणी काही लवत नव्हती.

गिरणीत दुपारच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा ते निघाले. अण्णा सिद्धारामच्या मागं बसला. अक्कलकोटचा रस्ता त्या दिवसांत नुसता फुफाटा. दोन्ही बाजूला उन्हानं करपलेली काळी रानं, मधूनच एखादं बाभळीचं बेट. वजनानं गाडी दबलेली, पाळण्याच्या खालच्या स्प्रिंगच्या पाट्या करकर वाजत होत्या. अण्णा मागनं त्याच्या कानात ओरडून बोलत होता. म्हातारी बसली म्हणून चाकाची दोरी सैल झाली, म्हातारी बसली म्हणून तेल जास्त जळतंय. सिद्धारामनं नजर रस्त्यावरच ठेवली. दात आवळून त्याचा जबडा दुखायला लागला होता.

वळसंगच्या अलीकडं एका विहिरीपाशी त्यानं गाडी थांबवली. अण्णा बाभळींच्या आडोशाला गेला. सिद्धारामनं तांब्या भरून आणला आणि आईच्या तोंडाला लावला.

पाणी ओठांवरनं हनुवटीला आलं, हनुवटीवरनं पिशवीवर सांडलं.

"अव्वा…"

त्यानं तिचा हात धरला. एवढ्या उन्हात हात गार होता. नाकाशी बोट धरलं. मग छातीला कान लावला. गाडीचं तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं, तेवढाच काय तो आवाज.

त्याला रडायला वेळ नव्हता. अण्णा प्रेताच्या गाडीवर बसणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हातारीला इथंच बाभळीखाली उतरवून चाक पुढं नेईल, हेही माहीत होतं. आडरानात बैलगाडी कुठनं मिळणार? आणि वाटेच्या कडेला कोल्ह्याकुत्र्यांत आईला टाकून जायचं… त्यानं तिचे डोळे मिटले. पदर कपाळाच्या खाली ओढला. आपला पटका सोडून तो तिच्या काखेतनं घेतला आणि पाळण्याच्या पाठीला बांधला, वरनं पदर सारखा केला. तिचे हात पिशवीवरनं काढायला गेला, पण बोटं सुटेनात.

अण्णा आला. "झोपली व्हय?"

"व्हय," सिद्धाराम म्हणाला.

तिथनं पुढं अण्णा बडबडत राहिला, आणि ती मेलेली बाई त्याचं ओझं मांडीवर घेऊन ऐकत राहिली. सिद्धारामच्या पोटात राग असा पेटला होता की डोळ्यांत पाणी यायच्या आधीच आटत होतं.

ऊन कलल्यावर खडकीचा चढ आला. चढ लांब आणि सैल मुरमाचा. अर्ध्यावर गाडीनं दम टाकला. मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, जळक्या तेलाचा वास सुटला.

अण्णा उतरला. "म्हातारीला उतरव."

"तिला चालता येत न्हाय, अण्णा. चाक उतरवू, मी ते डोक्यावरनं नेतो."

"माझं चाक धोंड्यांवर आपटतोस व्हय? लागलं तर फुटून जाईल ते. ए म्हातारे, ऊठ. चढ चालायचा."

"अण्णा, हात लावू नका."

"तू गाडी धर. सोडलीस तर खाली जाईल समदं."

खरंच होतं ते. ब्रेक सोडला असता तर गाडी, चाक आणि आई, सगळं उतारावरनं कोलमडत गेलं असतं. सिद्धारामचे दोन्ही हात आणि एक पाय अडकलेले. मान वळवून त्यानं पाहिलं, अण्णानं त्याच्या आईचं मनगट पकडलं होतं.

"उतर म्हणतो ना."

पाळण्याच्या पाट्या करकरल्या… आणि हलकेच वर आल्या.

"बघ," अण्णा म्हणाला. "उतरली की. समदी नाटकं."

सिद्धारामनं ब्रेकवरची पकड आणखी आवळली. त्यानं मागं बघितलं नाही. अण्णानं मागनं रेटा दिला, गाडी एकदम हलकी होऊन वर निघाली, आणि माथ्यावर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. पाळण्यात कुणी नव्हतं. पटका तसाच बांधलेला होता, गाठ न सुटलेली.

खाली चढावर संधिप्रकाश पसरला होता. वारा पडला होता. आणि त्या शांततेत आवाज येत होता. एक पाऊल… मग फरफट. एक पाऊल… मग फरफट.

"चल," अण्णा धापा टाकत म्हणाला. "येईल मागनं."

"ती आल्याबगार मी हालनार न्हाय." सिद्धारामचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

ती आली. पदर हनुवटीपर्यंत खाली, दोन्ही हात पिशवीभोवती. थांबली नाही, धापही नाही. विभूतीचा आणि वासराच्या तोंडाला असतो तसा दुधाचा वास, तिच्या लुगड्याला कायम असणारा, सिद्धारामच्या अंगावरनं गेला. ती पाळण्यात बसली. पाट्या खाली गेल्या, आधीपेक्षाही खाली, पार चाकाला टेकल्या. अण्णा आपला हात धोतराला पुसत होता.

"लई गार हाय रं तिचा हात…" एवढंच, तेही जरा वेळानं.

हिरेहळ्ळीत दिवे लागले होते. चंद्रव्वा मावशी, पार्वतम्माची धाकटी बहीण, कंदील घेऊन पुढं आली. तिनं बहिणीच्या गालाला हात लावला आणि कंदील खाली ठेवला.

"सिद्या… ही तर कवाच गेल्या की रं. अंग लाकूड झालंय."

"वळसंगच्या अलीकडं," सिद्धाराम म्हणाला. "हिरीपाशी."

अण्णानं मागं पाऊल घेतलं. "खोटं बोलतोय त्यो. खडकीचा चढ ती चालत आली. माझ्या डोळ्यांदेखत."

मावशी बहिणीची मांडी बघत होती. घातली होती तशीच, लाकडासारखी घट्ट. मग तिनं कंदील उचलून पायाचे तळवे बघितले. दोन्ही तळवे लाल मुरमानं माखलेले. उजव्यात बाभळीचा काटा अख्खा रुतला होता.

रात्र चढायच्या आत तिला लिंबाखाली बसवायचं ठरलं. आंघोळ घालून विभूती लावली. पिशवीभोवतीची बोटं मात्र सुटेनात. अण्णा खड्ड्यापर्यंत आला. भ्यायलेला होता, पण सवय कुठं जाते? "माझे बोल्ट हायत त्यात," तो पुटपुटला. "त्याबगार इंजिन बसत न्हाय."

"घ्या की मग," सिद्धाराम म्हणाला. "तिचा हात तुमच्या वळखीचा हाय."

चार माणसं ऐकत होती. अण्णा पुढं झाला नाही. पिशवीसकट पार्वतम्माला नवऱ्याशेजारी बसवलं आणि सिद्धारामनं पहिली मूठ माती टाकली.

अण्णा गावात थांबला नाही. स्वतः गाडी हाकत निघाला. सकाळी लोकांनी बघितलं तेव्हा फटफटी खडकीच्या चढाच्या पायथ्याशी उभी होती आणि अण्णा अनवाणी चढ चढत होता, माथ्यावर जाऊन परत खाली येत होता. विचारलं तर म्हणायचा, "बसू देत न्हाय." त्यानंतर तो गाडीत, टांग्यात, बैलगाडीत कशातच बसला नाही. सोलापूरला चालतच गेला आणि तिथं आपल्या ओसरीच्या पायरीवर बसून असायचा. तळवे फुटलेले.

सिद्धारामनं ती नोकरी सोडायची ठरवली. चढाखाली राहिलेली गाडी त्यानं गावी आणून ठेवली होती; महिनाभरानं ती परत करायला तो गावाहून निघाला. मनातला राग जरासुद्धा उतरला नव्हता. आई मातीत सुखानं बसली असेल म्हणून स्वतःची समजूत घालायचा, पण घासापुढं बसला की अण्णाच्या मुठीतलं ते मनगट डोळ्यांपुढं यायचं. चाक आणि डबे मळ्यावर उतरवलेले, पाळणा रिकामा होता. धोंडा सोलापुरातच राहिलेला.

अण्णाच्या गल्लीशी डावं वळण होतं. धोंडा नाही हे त्याला वळण घेता घेता आठवलं, तेव्हा उशीर झाला होता. तो पाळण्याच्या बाजूला कलला, चाक उठायची वाट बघत. चाक उठलं नाही. गाडी जड, सरळ, पाट्या करकरत वळली.

दाराशी थांबल्यावर त्यानं खाली पाहिलं. पाळण्यात गोणपाटाची पिशवी होती. सुतळीची शिवण तशीच, वर ओली काळी माती, मातीत विभूतीचे पांढरे कण.

पायरीवरनं अण्णा उठला. पिशवी दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली आणि अनवाणी अक्कलकोटच्या रस्त्याला लागला. घरातल्या कुणीही हाक मारली नाही.

सिद्धाराम बघत उभा राहिला. पिशवी तर अण्णानं नेली होती, तरी पाट्या दबलेल्याच होत्या. मग त्या करकरल्या… आणि हलकेच वर आल्या.

रस्त्यावर अण्णा एकटाच जात होता, दोन्ही पाय नीट टाकत. त्याच्या पावलांचा आवाज लांब जाईपर्यंत येत होता. आणि त्याच्या मागनं, एक पाऊल… मग फरफट.