कुंपणापलीकडची जास्वंद

पुण्याहून आलेला आईचा फोन ठेवला आणि मी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. बाहेर अमेरिकेतल्या श्रूजबरीचा ऑक्टोबरमधला पाऊस रिपरिपत होता.

"बसा ना जरा... तुम्हाला बघून मीच दमलो," बाकावरचा एक उंच मुलगा चक्क मराठीत म्हणाला.

मराठी ऐकलं आणि माझा बांधच फुटला, त्याला सगळं सांगून टाकलं. गणेश चतुर्थीच्या पहाटे मी हुडी घालून, कुंपण ओलांडून कुणाच्या तरी अंगणातली जास्वंद तोडली होती. आमच्या पुण्यात पिशवी घेऊन फिरणारे आजोबा रोज हेच करतात, त्यांना कुणी चोर म्हणत नाही. इथे मात्र पोलीस आले, ट्रेसपासिंगची केस झाली. आता आशा एकच — प्री-ट्रायल प्रोग्रॅम. पहिलीच चूक असेल तर काही महिने समाजसेवा करायची, नीट वागायचं, की खटला न चालवताच केस बंद. अर्ज नाकारला तर माझा व्हिसा धोक्यात. आणि निर्णयाआधी तक्रारदाराचंही म्हणणं ऐकणार होते.

"चार फुलांसाठी पोलीस बोलावतो म्हणजे किती खडूस असेल तो," मी म्हणाले.

त्याचे कान लालबुंद झाले.

"खडूस नाही हो... घाबरट. अंधारात हुडी घातलेलं कुणीतरी कुंपणावरून येताना दिसलं. गणपतीची फुलं न्यायला कुणी आलंय, हे मला काय माहीत, यार? मी ओजस. ते घर माझंच."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. राग आला, हसूही आलं. आपली काही हरकत नाही हे सांगायला तो ऑफिसला सुट्टी टाकून आला होता.

अर्ज मंजूर झाला. वर एक जादा अट, प्रोग्रॅम संपेपर्यंत मी त्याच्या घराकडे फिरकायचं नाही. सुटले म्हणायचं, तरी जीव काही थाऱ्यावर येईना. पार्किंगमध्ये त्याने छत्री माझ्यावर धरली, स्वतः भिजत राहिला, आणि मला कळून चुकलं की हा मुलगा मला आवडलाय.

"तुम्हाला माझ्याकडे यायला बंदी आहे... पण मला — तुमच्याकडे यायला?"

"तुमच्या मनाने काय ठरवताय? माझ्या वकीलबाईंना विचारा."

"विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तिची हरकत नसेल तर जा."

सकाळपासून मी दुसऱ्यांच्या होकाराची वाट बघत होते. आता तो माझ्या होकारासाठी भिजत उभा होता. मी त्याला जरा ताटकळू दिलं...

"शनिवारी ये," मी म्हणाले. "आईला काय सांगायचं ते मी बघते."