शेजारचं बटण

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. बाकी सगळं शाबूत होतं, विशेषतः राग. त्यांना पाणी हवंय की उशी, हे ओळखता ओळखता सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी दादाने जाहीर केलं, "रविवारी त्यांना रुग्णनिवासात ठेवू. तिथल्या लोकांना सवय असते."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं आणि दादाचा संतापही.

खरं तर काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी माझी गत होती. बसची तिकिटं विकणाऱ्या कंपनीत मी वेबसाइटची पानं रचते. बटण, चौकट, ओळ असे सुटे भाग आम्ही एकदाच घडवतो आणि हवे तिथे जुळवतो. मूळ संचात काही बदललं की ते प्रत्येक पानावर बदलतं. शनिवारी त्याच भागांतून मी बाबांसाठी एक पान जुळवलं. भागांची वेगळी नक्कल करायचेही कष्ट घेतले नाहीत, पान सरळ ऑफिसच्या संचालाच जोडलं. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

एका ओळीत सहा निळी बटणं बसवली: मला, पाणी, उशी, खिडकी, पाहिजे, नको. बोट टेकवलं की टॅबलेट तो शब्द बोलायचा.

रविवारी दादा बाबांची बॅग भरून आला आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवली. मी टॅबलेट बाबांच्या मांडीवर दिला. त्यांच्या डाव्या हाताचं बोट बराच वेळ हवेतच राहिलं.

"खिडकी. पाहिजे."

दादाने खिडकी उघडली. बाबांनी बॅगेकडे पाहिलं.

"नको. नको. नको."

दादाने डोळे पुसले, खुर्चीतली बॅग खाली उतरवली आणि तो कपडे परत कपाटात लावू लागला. मला जग जिंकल्यासारखं वाटलं. आयुष्यात शेकडो पानं जुळवली, पण असं कधी वाटलं नव्हतं.

"मला पाणी पाहिजे," टॅबलेट म्हणाला. आणि लगेच, "तिलाही."

हा शब्द मी घातला नव्हता.

'मला'च्या शेजारी सातवं बटण होतं. तोच निळा रंग, तेच गोलसर कोपरे. मी लॅपटॉप उघडून पाहिलं. मी लिहिलेल्या ओळीत सहाच होती.

"तिला म्हणजे?" दादाने हळूच विचारलं. "आईला?"

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी मान हलवली. नाही.

ते खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"मग दोन पेले आणतो, साहेब!" दादा म्हणाला. त्या आनंदात त्याला काहीही चाललं असतं. दुसरा पेला त्याने खुर्चीवर ठेवला.

सोमवारी ऑफिसात पाऊल ठेवते तोच आमचे प्रमुख टाळ्या वाजवत समोर आले.

"नवं बटण तूच टाकलंस ना? अगं, कमाल केलीस! सकाळपासून एकूण एक गिऱ्हाईक शेजारचीही जागा घेतंय!"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. 'जागा पाहिजे' या बटणाच्या शेजारी, त्याच निळ्या रंगात, आणखी एक होतं.

'मलाही.'