तेराशे पस्तिसावा चौकोन

"मोजताना पहिला दिवस सोडू नकोस. सगळे तिथंच चुकतात."

बाबांचं हे शेवटचं सांगणं.

बाबा रेल्वेची वेळापत्रकं तयार करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पवित्र शास्त्रातले आकडे हाती घेतले. संदेष्ट्यानं सांगितलेली वर्षं, आठवडे, आणि शेवटी वाट पाहणाऱ्यासाठी ठेवलेले तेराशे पस्तीस दिवस. चर्चचे पाळक हसून म्हणायचे, "अहो, मेलेले उठतील तो दिवस कुणालाच कळायचा नाही." बाबांचं उत्तर ठरलेलं. "गाडी सुटली कधी ते कळलं, की पोचायची वेळ काढता येते."

एका सकाळी त्यांनी आलेखवहीच्या पानावर तेराशे पस्तीस बारीक चौकोन आखले आणि वर त्या दिवसाची तारीख घातली. मग माझ्याकडून वचन घेतलं, की शेवटच्या दिवशी त्यांचे बूट घेऊन मी दफनभूमीच्या फाटकाशी यायचं. "अनवाणी चालायला लावू नकोस गं मला."

त्याच दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना मातीत ठेवून आले आणि पहिला चौकोन खोडला. तेव्हापासून रोज आधी स्तोत्र, मग एक चौकोन, मगच पाण्याचा घोट. आजारपणातही नेम मोडला नाही. घरात दुसरं बोलायला होतंच कोण?

गेल्या आठवड्यात पेन्सिलीला नवं टोक काढलेलं दिसलं. पात्यानं तासलेलं, चपटं. तसं टोक फक्त बाबा काढायचे. मी गोल काढते.

दुसऱ्या सकाळी वही उघडली, तर त्या दिवसाचा चौकोन माझ्या आधीच खोडलेला. झोपेत मीच खोडला असेल, म्हणून पुढचा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. तिसऱ्या सकाळी तोही खोडलेला. मी ती खूण खोडरबरानं पुसली. चौथ्या सकाळी ती परत होती, जरा जास्त दाबून.

धाकट्या भावाला फोन केला.

"ताई, एकटी राहून राहून असंच होणार. मी उद्या गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

"परवा ये. उद्या शेवटचा चौकोन आहे."

"बाबांची गाडी काय, फलाटावर लागलीये वाटतं?" तो हसला. "बरं. परवा."

आज पहाटे स्तोत्र वाचून कपाटातली वही काढली. कपाटाची किल्ली रात्रभर माझ्या गळ्यात होती.

काल शेवटचा एकच चौकोन उरला होता. तोही खोडलेला. आणि पानाच्या माथ्यावरच्या तारखेखाली ताजी रेघ ओढलेली.

ती तारीख बाबा गेले त्या दिवसाची. मी मोजायला लागले पुरल्याच्या दिवसापासून.

पहिला दिवस मीच सोडला होता.

म्हणजे शेवटचा दिवस काल होता. काल दिवसभर ते फाटकाशी उभे असतील, आणि मी इथं भावाच्या घरी न्यायच्या साड्यांच्या घड्या घालत होते.

मी पान उलटलं. मागचं पान साडेतीन वर्षं कोरं होतं.

आता त्यावर चौकोन आखलेले होते. बारीक, सरळ, मी मोजले नाहीत. एकही खोडलेला नव्हता. माथ्यावर चपट्या टोकानं तारीख घातलेली. आजची.

वही मिटली. पाणी प्यायले नाही. भावासाठी घराची किल्ली शेजारी दिली.

बाबांचे बूट पुसले, कागदात गुंडाळले. मग थोडा विचार करून माझ्या चपला पायातून काढल्या, त्याही त्याच कागदात ठेवल्या, आणि फाटकाकडे चालू लागले.