आईच्या पोटावरची खूण

तुम्ही खोटं बोललात, डॉक्टर. हसत हसत, माझ्या आईच्या हातावर हात ठेवून खोटं बोललात. तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे फक्त सुया. पण नदीकाठच्या काचेच्या इमारतीत कोण बसतं, हे अख्ख्या तिहुआना शहराला ठाऊक आहे.

मी नेरेइदा. अमेरिकेच्या सरहद्दीच्या कुंपणाला लागून, मेक्सिकोच्या बाजूला आमची गल्ली. माझ्या दारावर पाटी आहे, 'इथे इंजेक्शन टोचून मिळेल'. अशी एक बाई इथे प्रत्येक गल्लीत असते. दवाखान्यात ताटकळण्यापेक्षा लोक तिच्याकडे येतात. शाळा माझी लवकर सुटली. पुढचं शिक्षण औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या कागदांवर झालं. त्यामुळे आईच्या गुडघ्यांसाठी तुम्ही इंजेक्शनच्या बाटल्या दिल्यात, तेव्हा मी त्यांचाही कागद मागितला.

"कागद कशाला?" तुम्ही म्हणालात. "पेप्टाइड आहेत. प्रथिनांचे बारके तुकडे. शरीराला निरोप देतात, स्वतःला दुरुस्त कर म्हणून. पलीकडून गोरे लोक विमानाने येतात यासाठी."

"आणि दुरुस्ती कुठे थांबवायची, ते कोण सांगतं त्याला?"

"शरीराला सगळं आठवत असतं," आईच्या हातावर हात ठेवून तुम्ही हसत म्हणालात.

गुण आला, हे नाकारत नाही. आई चढावरून पिशव्या घेऊन धापा न टाकता यायला लागली. गालांवर रंग आला. माझा थोरला भाऊ रोसेंदो दर रविवारी मांस भाजायला येतो, तो शेगडीपाशी उभा राहून ओरडला, "नेरे, आईला स्थळ बघ! म्हातारा नको पण, तिला झेपायचा नाही."

"गप रे मेल्या!" आईने त्याला फडकं फेकून मारलं. "आधी तुझी बायको परत आण, मग माझं लग्न लाव."

आमच्याकडे सुईतला शेवटचा थेंब टाकून देत नाहीत. जिथे ठणकतं तिथे चोळतात. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं, पण कुठलीच गल्ली चुकवत नाही. आई तो थेंब पोटावर चोळायची. बेंबीपासून खाली दोरखंडासारखा जाड व्रण होता तिथे. रोसेंदो सुईणीच्या हाती सुखरूप झाला, मी मात्र आडवी होते, मला पोट फाडून काढली. थंडीत तो व्रण ओढायचा.

"हे तुझं दार," ती म्हणायची. "शिवून टाकलं, तरी गारठ्यात कुरकुरतं."

आधी बोट आलं.

टीव्हीच्या कारखान्यात यंत्राखाली आईच्या करंगळीचं पेर गेलं होतं, मी लहान असताना. एका रविवारी सकाळी ती मक्याचं पीठ मळत होती आणि त्या थोट्या टोकावर मला नख दिसलं. गुलाबी, ओलसर, तान्ह्या बाळाचं असतं तसं. रोसेंदोने छातीवर क्रूस काढला. आईने कोपऱ्यावरच्या बेकरीतून कोरडे पाव आणले आणि आम्हा दोघांच्या हातात कोंबले. घाबरल्या माणसाला आमच्याकडे पाव खायला घालतात.

"खा. धसका पोटात मुरू देऊ नका," ती म्हणाली आणि नव्या करंगळीने माझ्या ओठावरचा चुरा पुसला.

मी तिला तुमच्याकडे आणली. तुम्ही ते बोट पाहिलंत आणि उठून खोलीचं दार लावलंत. मला ते दार आठवतं. चकित माणूस दार लावत नाही, डॉक्टर.

"उत्तम," तुम्ही म्हणालात. "फोटो काढू नका."

उरलेल्या बाटल्या मी तिथेच तुमच्या टेबलावर आपटल्या. त्यानंतर आईला एक थेंब दिला नाही.

थांबलं नाही.

कानांची भोकं बुजली. डूल उशीवर पडलेले सापडले, फिरक्या लावलेल्याच. दंडावरची लशीची खूण गेली. पांढऱ्या केसांची मुळं काळी झाली. मी रोज तिच्या पोटावरचा व्रण बघायचे. तो खालून वर पुसत येत होता, कुणी सावकाश शिवण उसवत आणावी तसा. शेवटी बेंबीखाली नखाएवढा उरला.

मग तोही नव्हता. कोवळ्या पोरीचं असावं तसं पोट. मी तळवा ठेवला. ऊबदार होतं.

आईने माझं मनगट धरलं आणि हात अलगद बाजूला केला. "झालं का हो, बाई? अजिबात दुखलं नाही. तुमचा हात हलका आहे."

"आई, थट्टा पुरे."

ती गोंधळून हसली. परक्या माणसाकडे बघून हसतात तसं.

"आई, मी नेरेइदा!"

"किती गोड नाव," ती म्हणाली. "मला मुलगी झाली असती ना, तर मीसुद्धा हेच ठेवणार होते."

मी रोसेंदोला फोन करून आईचं सांगितलं. कोण बोलतंय हे न विचारताच तो "आलोच" म्हणाला, आणि धावत आला. त्याने आईला मिठी मारली. माझा जीव भांड्यात पडला. मग तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही कळवलंत, उपकार झाले. तिला माझ्याशिवाय कुणी नाही हो."

"रोसेंदो."

"घाबरलेल्या दिसता." त्याने टेबलावरचा पाव उचलून माझ्यापुढे धरला. "घ्या. धसका मुरायला नको."

मी पाव घेतला. न्हाणीत गेले. कडी लावली.

पाव खाल्ला.

पोटात काही उतरल्यासारखं वाटेना, म्हणून सदरा वर केला. बरगड्यांखाली हात ठेवला आणि खाली नेला.

हात कुठेही अडला नाही.

पुन्हा नेला. आरशात पाहिलं. सपाट, गुळगुळीत कातडी. बेंबी नव्हती.

मी तुमची एकही सुई घेतलेली नाही, डॉक्टर. शरीराला सगळं आठवतं म्हणाला होतात. मग दार लावू नका आता. माझ्या डोळ्यांत बघून सांगा, मी कुणाच्या पोटची?