खारट पापड आणि न चिकटणारं कथील

"आत्या, कसम से, मी बरणीला हातसुद्धा लावला नाही!" सुमेध रडकुंडीला आला होता.

कुसुमावतीआत्याने तळलेला पापड त्याच्यापुढे नाचवला. पापड कसला, खारट पत्रा! "मग पापडखारात कालवाकालव कोणी केली? असले उद्योग तुझेच! उद्या ओरछ्याच्या सहलीला बाकीचे जातील. तू घरी!"

मृदुलाला धाकट्या भावाची दया आली. शिवाय तो नसेल, तर तिथे बेतवा नदीच्या पाण्यात ढकलायचं कुणाला?

तिने 'पापडखार' अशी चिठ्ठी असलेली बरणी उचलली. सुमेधने लगेच बोट घातलं.

"चाखू नकोस, बुद्धू! अनोळखी क्षार चाखायचा नसतो."

"मग ओळखायचा कसा? आधार कार्ड मागून?"

"लिंबू आण! पापडखारात कार्बोनेट असतं. आंबट पडलं की फसफसलंच पाहिजे."

बशीतल्या पुडीवर थेंब पडला. ढिम्म!

घरात पापडखारासारखी दिसणारी दुसरी पूड एकच होती, कल्हईचा नवसागर. त्यात अमोनियम, म्हणजे चुना लागला की अमोनियाचा उग्र वास सुटणारच! मृदुलाने आत्याच्या पानाच्या डब्यातला चुना थोडा पुडीत कालवला आणि हाताने वारा घेत लांबूनच वास घेतला.

"शी! बसअड्ड्यामागची भिंत!" सुमेध ओरडला.

"हाच अमोनिया! चल अंगणात!"

अंगणात गोविंदकाका घामाघूम झाले होते. कल्हईवाल्याला परत पाठवून पातेल्याला स्वतःच कल्हई करण्याचा त्यांचा काटकसरी बेत होता. पण कथील पातेल्याला धरेना, नुसतं गोळ्या होऊन पळत होतं.

"दुकानदाराने नकली कथील दिलं!" काका गरजले.

मृदुलाने त्यांच्या 'नवसागरा'वर लिंबू पिळलं. फस्स!

"काका, हा पापडखार आहे. नवसागर गेला पापडांत, आणि त्याच्याशिवाय कथील धरणार कसं? दोन्ही पुड्या सारख्याच बरण्यांत कोणी ओतल्या?"

"मीच. आणि चिठ्ठ्याही मीच लावल्या. नंतर, सावकाश, आठवून! माझी चूक? अशक्य! आण ती बशी!"

"काका, लांबूनच—"

बशी येताच काकांनी थेट तिच्यात नाक खुपसलं. दुसऱ्या क्षणी ते डोळे पुसत अंगणभर नाचत होते.

आत्या दारातून सगळं बघत होती. तिने सुमेधला जवळ ओढलं. "चुकलं रे माझं. उद्या खिडकीची जागा तुझी! आणि मृदुला, तू नसतीस तर ते सगळे पापड पाहुण्यांच्या पोटात गेले असते. शाबास, पोरी!"

"आणि मी?" काकांनी नाक पुसत विचारलं.

"तू? आधी ते पापड फेकून ये," आत्या म्हणाली, "आणि मग नवं पीठ कुटायला बैस!"